भंगारातील मोटरसायकल: कोणता भाग उचलावा आणि कोणता तिथेच ठेवावा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

जुन्या बाजारातून सुटे भाग गोळा करून स्वतःच्या हाताने मोटरसायकल उभी करणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांविषयीचे सचित्र वृत्त आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत वाचले. आजची मुले पाना हातात घेत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या माझ्या पिढीने असे वृत्त वाचून खूश व्हायला हवे, आणि मी खूश झालोही. परंतु छायाचित्र नीट पाहिल्यावर काळजी वाटू लागली. मागचा भाग कापून टाकलेली चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा), दोन्ही चाकांवर मडगार्डचा पत्ता नाही, नंबर प्लेट कुठे आहे ते भिंग घेऊन शोधावे, आणि पुढचे चाक कुठल्या तरी मोठ्या गाडीचे. 'अवघ्या २० हजारांत' अशी ओळ वर ठळक छापलेली होती. भाग भंगारातून आणले एवढे वृत्तात होते. ते निवडले कसे, हे कुठेच नव्हते. माझ्या मते सारी विद्या त्या निवडण्यात आहे, म्हणून हे पत्र काहीसे सविस्तर लिहीत आहे.

मी पिंपरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनतात त्या विभागात, ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. मोटरसायकल दुरुस्ती हा माझा व्यवसाय कधीच नव्हता. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने 'मामा, आपण एक गाडी बनवू' असा हट्ट धरला आणि आम्ही दोघांनी मिळून जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरवर सात महिने काम केले. वहीत लिहिलेला हिशेब आपल्या वृत्तातील आकड्याशेजारी ठेवण्यासारखा आहे. कागदपत्रांसह मूळ गाडी ११,००० रुपये, भंगारातून घेतलेले भाग ५,४००, दुकानातून घेतलेले नवे भाग १३,९००, आणि लेथ, वेल्डिंग व रंगकाम मिळून ६,८००. एकूण ३७,१०० रुपये. भंगाराचा वाटा सर्वांत लहान आणि नव्या भागांचा सर्वांत मोठा, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. त्या तरुणांनी २० हजारांत गाडी केली असेल, यावर माझा अविश्वास नाही; फक्त त्यांच्या यादीत ब्रेक लायनर, केबल, बेअरिंग आणि टायर नवे होते की नाहीत, एवढे विचारावेसे वाटते.

पहिली निवड मूळ गाडीची, म्हणजे खरे तर चेसिसची आणि तिच्या कागदांची. पोरांची नजर आधी टाकीवर जाते, मग सायलेन्सरवर, आणि आरसी बुकाची आठवण शेवटी होते. क्रम याच्या उलट हवा. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आणि आरसीवरील क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे; क्रमांकाच्या जागी कानशीचे ओरखडे, ताजा रंग किंवा लांबीचा (पुट्टीचा) थर दिसला तर त्या गाडीपुढे उभेही राहू नये. मूळ मालक हयात आहे का, कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात आणि पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीत टिकेल का, हे प्रश्न पाना हातात घेण्यापूर्वीचे आहेत. आमची पहिली पसंती यामाहा आरएक्स १०० होती, हे कबूल करतो. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि हौशी लोकांनी तिचे भाव इतके चढवले की आता तिच्या इंजिनाच्या नुसत्या कवचालाही (क्रँककेसलाही) सोन्याचे मोल आले आहे. जिथे भाव येतो तिथे क्रमांक घासणारेही येतात. स्प्लेंडर मात्र १९९४ पासून रस्त्यावर आहे, तिचे ९७.२ सीसीचे इंजिन त्याच कंपनीच्या इतर गाड्यांतही होते, त्यामुळे तिचे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावात ढिगाने पडलेले असतात. तिच्यात रुबाब कमी असेल, पण ज्याचा खिसा हलका आहे त्याने बाजारात जे मुबलक आहे तेच धरावे. याला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचा पुरवठा सेन्सर व संगणकाच्या हाती गेला. अशा गाडीचा एक भाग दुसरीला लावताना नटबोल्ट जुळले तरी वायरिंग जुळत नाही. घरच्या अंगणात काम करणाऱ्याने कार्ब्युरेटरच्या काळातील गाडीच घ्यावी.

कायद्याचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द छायाचित्रातील गाडीकडे पाहत वाचावेत. मागच्या प्रवाशासाठी हाताची पकड, पायटा आणि मागच्या चाकाचे निम्मे तरी अंग झाकणारी जाळी, म्हणजे आपली साडी गार्ड, नियमाने बंधनकारक आहे; ती काढली की गाडी देखणी दिसते हे खरे, पण चाकात पदर अडकून झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत ते ती काढणार नाहीत. आम्ही चेसिसला कानसही लावली नाही. बसक, हँडल, दिवा, रंग आणि मडगार्डचा घाट एवढ्यावर हौस भागवली, आणि ती पुरेशी भागली.

आता भंगाराकडे वळतो. भंगारात गाडी तीन वाटांनी येते: म्हातारपणाने, अपघाताने किंवा पुराने. वाट कोणती हे ओळखता आले की निम्मे काम झाले, कारण प्रत्येक वाट काही भाग खाते आणि काही राखते. समोरून धडकलेल्या गाडीचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन पाय), पुढचे चाक आणि चेसिसची मान (हँडल ज्यात फिरते तो भाग) संशयित. पण तिचे मागचे चाक, ते धरणारा स्विंग आर्म, मागचे शॉकअप आणि कित्येकदा इंजिनही उत्तम मिळते. मागून ठोकर खाल्लेल्या गाडीचे याच्या उलट. म्हणून सुटा भाग हातात घेण्यापूर्वी 'हा ज्या गाडीचा आहे ती गाडी कुठे आहे?' असे मी विचारत असे. दुकानदाराने मागच्या अंगणात नेऊन सांगाडा दाखवला तर भाव पाडून मागण्यात मला रस उरत नसे. चेसिस समोरून मार खाल्लेली आहे की नाही हे हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते त्या छोट्या कानाकडे पाहून कळते. तो कान वाकलेला किंवा चेपलेला असेल, अथवा मानेखालच्या पाईपवरील रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, तर बाकी गाडी कितीही चकाकू दे, ती घेऊ नये. मानेपासून स्विंग आर्मच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपने मोजावे, दोन्ही मापे सारखी यावीत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत नेली की उरलेली लबाडीही उघडी पडते.

पुराची गाडी ओळखणे जास्त अवघड, कारण ती धुऊन पुसून आलेली असते. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडकडे किती दुचाकी पाण्याखाली गेल्या ते आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिले आहे. त्यांचे भाग कुठे ना कुठे गेलेच असणार. हेडलाइटच्या आतल्या तळाशी, स्पीडोमीटरच्या काचेच्या कडेला आणि सीटखाली वायरिंगच्या जोडांत गाळाची बारीक रेघ राहते. जोडातील पितळ हिरवे पडलेले असेल तर गाडी नुसत्या पावसात भिजलेली नाही, ती बुडालेली आहे, असे समजावे. अशा गाडीची टाकी, मडगार्ड, स्टँड घ्यायला हरकत नाही. विजेचा एकही भाग घेऊ नये, आणि इंजिन तर नाहीच नाही, कारण गाळ एकदा क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरला की तो बेअरिंग दळायला लागतो. याच कारणाने मी किनारपट्टीकडचे पत्र्याचे भागही टाळतो. खाऱ्या हवेने पत्रा आतून पोखरलेला असतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत इमान राखतो. तोच भाग सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेतला असेल तर कुरूप दिसूनही आत ठणठणीत निघतो.

भाच्याचा आणि माझा सर्वांत मोठा वाद झाला तो फोर्क ज्यात बसतात त्या जोडावरून, ज्याला मेकॅनिक मंडळी 'टी' म्हणतात. त्याने एका गोदामातून एक टी आणली होती. काळा रंग ताजा, आकार जुळणारा, किंमत ४५० रुपये. 'काका, एकदम ओरिजिनल आहे,' असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून मला सांगितले होते. आमच्या टूलरूममध्ये डायला, म्हणजे साच्याला, तडा आहे का हे पाहण्याची एक जुनी पद्धत होती. भागाचा रंग पूर्ण काढायचा, तो रॉकेलने चोपडून अर्धा तास ठेवायचा, मग फडक्याने कोरडा पुसून त्यावर खडूची पूड हलक्या हाताने भुरभुरायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल झिरपून बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. (रॉकेल आता शोधूनही मिळत नाही, डिझेलवर काम भागते.) त्या टीच्या दांड्याच्या मुळाशी, जिथे सारा ताण येतो नेमके तिथे, अर्धवर्तुळाकार रेघ उमटली. जुना तडा वेल्डिंगने भरून, कानशीने घासून, वर रंग मारला होता. हा जोड धावत्या गाडीत तुटला तर पुढचे चाक एकीकडे आणि स्वार दुसरीकडे जातो. भाचा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला. आम्ही तो भाग परत करायला गेलो नाही, कारण परत केला असता तर तो पुन्हा रंगून दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्याला विकला गेला असता. हॅक्सॉने त्याचे दोन तुकडे करून मगच वजनावर घातला.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक भाग एका प्रश्नावर तोलू लागलो: हा चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? गाडी बंद पडणार असेल तर भंगारातला चालतो. माणूस पडणार असेल तर एक तर तो पूर्ण तपासता यायला हवा, नाही तर नवा घ्यावा. फोर्कचे पाईप पूर्ण तपासता येतात. ते सुटे करून जाड काचेवर गडगडवले की वाक असल्यास उजेडाची फट उघडझाप करते, आणि ऑइल सील जिथे फिरते तेवढ्या पट्ट्यात अंगठ्याचे नख फिरवले की गंजाचे खड्डे लागतात. त्या पट्ट्यात एकही खड्डा चालत नाही, वर दिव्याच्या कानाआड असेल तर खुशाल असू द्यावा. मानेतील गोळ्यांच्या वाट्या मात्र नेहमी नव्याच घ्याव्यात. जुन्या वाटीत मधोमध खाचा पडलेल्या असतात आणि हँडल सरळ रेषेत येऊन 'अडकते', वेगात गाडी हेलकावते. या वाट्यांचा संच फार महाग नसतो.

चाकांच्या बाबतीत तरुणांचा ओढा अलॉयकडे, म्हणजे ओतीव अॅल्युमिनिअमच्या चाकांकडे, असतो. भंगारातील अलॉय चाकाविषयी माझे मत वाईट आहे. आऱ्यांचे चाक वाकले तर कारागीर ते आरे ओढून सरळ करून देतो आणि न झाल्यास नुसती रिम बदलता येते. अलॉय वाकले तर गरम करून ठोकणारे पुष्कळ आहेत, पण ठोकलेल्या अॅल्युमिनिअमच्या पोटात काय झाले ते बाहेरून दिसत नाही. शिवाय मूळ १८ इंची चाकाच्या जागी १७ इंची चाक आले की गाडीची पुढची उंची आणि फोर्कचा कोन बदलतो, वळणावर तिचा स्वभाव बदलतो, आणि स्टँडवर ती वेगळ्याच कलाने उभी राहते.

दुसऱ्या गाडीचे हब (चाकाचा मधला भाग) वापरायचे झाल्यास एक्सलची (त्यातून जाणाऱ्या दांड्याची) जाडी जुळत नाही, ही नेहमीची अडचण. इथे लेथवाल्याकडे धावण्यापूर्वी बेअरिंगचा तक्ता उघडावा. ६२०२ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतले भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५ आणि जाडी ११. ६००३ चे भोक १७, बाहेरचा व्यास तोच ३५ आणि जाडी १०. म्हणजे ६२०२ साठी केलेल्या हबमध्ये ६००३ बसवले आणि एक मिलिमीटरचा वॉशर घातला की १७ मिलिमीटरचा एक्सल त्यातून जातो, हबला हात न लावता. भार सोसण्याची ताकद थोडी कमी होते हे ध्यानात ठेवून ही युक्ती हलक्या गाडीपुरतीच वापरावी. तसेच दोन बेअरिंगांच्या मध्ये जी नळी असते तिची लांबी हबच्या आतील दोन बैठकांमधील अंतराशी नेमकी जुळली पाहिजे. ती नळी हरवलेली हबे भंगारात सर्रास मिळतात. नळीशिवाय एक्सल आवळला की आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि नवे कोरे बेअरिंगही काही दिवसांत जळते. मग लोक बेअरिंगच्या कंपनीला शिव्या देतात. बेअरिंग स्वतः मात्र कधीही जुने घेऊ नये, मोफत मिळाले तरी.

साखळीचेही असेच मापाचे गणित आहे. साखळीवरील क्रमांकाचा पहिला आकडा दोन पिनांमधील अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. ४२८ म्हणजे चार-अष्टमांश, अर्धा इंच, आणि ५२० म्हणजे पाच-अष्टमांश. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ लागते. मोठ्या गाडीचे दणकट दिसणारे मागचे दातेरी चक्र स्वस्तात मिळाले म्हणून आणले, तर त्याचे दात आणि आपली साखळी यांचा मेळ जन्मात बसणार नाही. जुन्या बुलेटचे भाग घेणाऱ्यांनी तर आट्यांचीही खातरजमा करावी, कारण त्या काळच्या पुष्कळ नटबोल्टांचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत, आणि त्यात मेट्रिक बोल्ट दामटून फिरवला की अॅल्युमिनिअमच्या कव्हरातील आटे साफ होतात.

इंजिनाविषयी थोडक्यात. भंगारातील इंजिन चालू करून दाखवता येत नाही, म्हणून ते वाचावे लागते. मी आधी कव्हरच्या स्क्रूंची तोंडे पाहतो. ती छिन्नीने ठोकून विद्रूप झालेली असतील तर आत कोणी तरी आडदांड माणूस जाऊन आला आहे, हे ठरलेले. मग ऑइलचा बोल्ट काढून निघालेले काळे ऑइल बोटांत चोळायचे. चंदेरी चमक दिसली तर गिअर किंवा क्रँक झिजला आहे. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची, अंगठा उडाला पाहिजे. हेड आणि सिलिंडर काढू दिले तर कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून बघावा. बाजूला किंचित सरकणे स्वाभाविक आहे, वरखाली टकटक मात्र अजिबात नको. पिस्टनच्या माथ्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० असा आकडा असेल तर सिलिंडर तेवढा बोअर होऊन मोठा झाला आहे; एकच्या आकड्यानंतर बहुधा स्लीव्ह (आतले नवे अस्तर) घालण्याचाच खर्च उरतो. इंजिनाला थंड ठेवणारे तुटलेले पंख आणि काळवंडलेले अॅल्युमिनिअम यांनी काही बिघडत नाही, उलट त्यामुळे किंमत पडते. एका गाडीचे इंजिन काढून दुसरीत बसवायचे असेल तर ते त्याच जातीचे असले तरी आरटीओची पूर्वपरवानगी आणि आरसीवर नवी नोंद हवी, म्हणून आम्ही मूळ इंजिन ठेवून त्याचेच आतले भाग बदलले.

टाकी आम्ही ८०० रुपयांत आणली आणि ती स्वच्छ करण्यात आठ दिवस घालवले. टॉर्च आत सोडून तळ पाहावा, विशेषतः मागचा खालचा कोपरा, जिथे पाणी साठते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे उघड्या पडलेल्या जुन्या टाकीत गंज झपाट्याने धरतो. जुन्या काळच्या रबरी नळ्या, कॉकची वॉशरे आणि कार्ब्युरेटरची सीलेही या मिश्रणात फुगतात किंवा चिरतात. तेवढे सगळे रबर नवे घ्यावे. आणि एक कळकळीची विनंती: पेट्रोलची टाकी रिकामी दिसते म्हणून तिच्यावर थेट वेल्डिंग करू नये. आत राहिलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते. टाकी धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, दुरुस्तीपुरतीच जागा कोरडी ठेवून काम करणाऱ्या माणसाकडेच ती द्यावी.

ब्रेकचे लायनर, ब्रेकचा होज, क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल, टायर-ट्यूब आणि संपूर्ण वायरिंग हे भंगारातून घेण्याचे सामान नव्हे. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, नक्षी कितीही खोल असो. डिस्क प्लेट घ्यायचीच असेल तर तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचून व्हर्नियर या मापपट्टीने मोजावी. कॉईल आणि सीडीआय हे ठिणगी पाडणारे विजेचे भाग मात्र भंगारातून घ्यायला मला आवडते, कारण चालले तर वर्षानुवर्षे चालतात आणि न चालले तर गाडी फक्त उभी राहते.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने आपल्या दैनिकाने लावून धरावा असा विषय. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर भागांची रांगच्या रांग आहे. आमच्या बाजूला कुदळवाडी-चिखलीत भंगाराची मोठी वस्ती होती. पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली गोदामे पाडली. त्या गोदामांविषयी तक्रारी होत्या, आगी लागत होत्या, हे मान्य. परंतु आमच्या ओळखीचे दुकानदार त्यानंतर पांगले, आणि ज्याच्याकडे भाग परत घेऊन भांडायला जाता येत होते असा माणूसच राहिला नाही. या संपूर्ण व्यवहारात बिल नावाची गोष्ट नसते. त्यामुळे प्रामाणिक गिऱ्हाइकाकडे आपण घेतलेले चाक चोरीच्या गाडीचे नाही हे सांगायला तोंडच्या शब्दाशिवाय काही नसते. आणि चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुसरीकडे, गाडी कायमची निकामी झाल्यावर मालकाने १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. किती जण कळवतात? मी स्वतः १९९८ साली माझी जुनी लूना भंगारवाल्याला दिली तेव्हा कळवले नव्हते, हे आज कबूल करतो. गाडी वितळते, पण तिचे आरसी बुक जिवंत राहते, आणि ते कुठल्या तरी दुसऱ्याच चेसिसला चिकटवले जाते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी नियम केले आहेत. अशा केंद्रांमध्ये आलेल्या दुचाकींचे वापरण्याजोगे भाग सामान्य माणसाला एका खिडकीवर, छापील बिलासह विकत मिळावेत, अशी माझी सूचना आहे. बिलावर तीन गोष्टी पुरेत: तो भाग कोणत्या चेसिस क्रमांकाच्या गाडीतून निघाला, ती गाडी कोणत्या कारणाने मोडीत आली, आणि भाग मोडून काढल्याची तारीख. जुन्या बाजारातील परवानाधारक विक्रेत्यांनाही असेच छोटे बिलबुक सक्तीचे करता येईल. वजनकाटा ठेवणाऱ्याला पावतीपुस्तक ठेवणे जड जाऊ नये. आरटीओने तपासणीच्या वेळी असे बिल पुरावा म्हणून ग्राह्य धरले, तर हौशी मुलगा आपणहून बिलाच्या दुकानात जाईल, आणि घासलेल्या क्रमांकाच्या दुकानातील गर्दी आपोआप कमी होईल.

आपल्या वार्ताहराने त्या तरुणांना पुन्हा भेटून त्यांच्या गाडीच्या भागांची यादी, प्रत्येकाची किंमत आणि तो नवा की जुना, एवढी माहिती पुढील एखाद्या अंकात छापावी, ही विनंती. त्या मुलांची हरकत नसेल तर खडूची पूड आणि अर्धा लिटर डिझेल घेऊन मी त्यांच्याकडे यायला तयार आहे. पुढचे चाक काढण्याइतका वेळ त्यांनी द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम कामगार
चिंचवड, पुणे